नव्वद टक्के घार

मुंबईच्या उपनगरांत संक्रांतीला पतंग चढतात, आणि नेमकी तीच घारींची घरटी बांधायची वेळ. घारीची वीण थंडीत सुरू होते. पार्ल्यात पर्जन्यवृक्षांच्या शेंड्यावर नाहीतर एखाद्या मोबाईल टॉवरवर काटक्या, चिंध्या, वायरचे तुकडे रचत नर-मादीची ये-जा चाललेली असते. त्याच उंचीवर, त्याच वाऱ्यात गच्च्यांवरून ढील दिली जाते. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. बंदी आहे आणि मांजाही आहे. सुती दोरा पावसात कुजतो, नायलॉन कुजत नाही. जानेवारीत फांदीला गुंडाळलेला दोरा श्रावणातही पक्षी पकडतो, दिवाळीतही.

मांजा विकणाऱ्यांना आणि उडवणाऱ्यांना दोष देऊन झाला की बहुतेक लेख संपतात. मला त्यापुढचं बोलायचं आहे. घार पडली, कुणी उचलली, डॉक्टरकडे पोचली. आता तिला बरं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? माणसाचा मोडलेला हात जोडला आणि थोडा वाकडा राहिला, तरी माणूस बरा झाला असंच आपण म्हणतो. उरलेली कसर तो आयुष्यभर चालवून घेतो, आजूबाजूचेही सांभाळून घेतात. घारीच्या बाजूला सांभाळून घेणारं कुणी नसतं. नव्वद टक्के बरी झालेली घार सोडली, तर ती उपाशी मरते.

मांजाची जखम कुठे होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. घारीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत, पंखाच्या पुढच्या काठाला कातडीचा ताणलेला पडदा असतो. डॉक्टर पंख उघडून दिव्यासमोर धरतात तेव्हा तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा आरपार दिसतो. त्याच्या कडेने एक बारीक कंडरा जाते. दोरा हमखास इथेच अडकतो, आणि पक्षी सुटायला जितका धडपडेल तितका आत जातो. कातडी शिवता येते. कंडरा तुटली असेल तर मात्र पंख उघडतो-मिटतो, पण पूर्ण ताणला जात नाही. टेबलावर ही घार ठणठणीत दिसते. नजर तीक्ष्ण, चोच मारायला तयार, मांसाचा तुकडा झडप घालून खाणार. घेऊन आलेल्या माणसाला वाटतं, झाली की बरी! ती बरी झालेली नाही, हे फक्त हवेत कळतं.

(डॉक्टरपर्यंत पोचण्याआधीच आपली माया घात करते, तेही सांगून टाकतो. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. पाण्याविना तडफडतंय बिचारं म्हणून चोचीत ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. दूध-पाव हे घारीचं अन्न नव्हे. भोकं पाडलेला खोका, वर झाकण, आत अंधार, आजूबाजूला शांतता आणि वन विभागाला १९२६ वर फोन. एवढंच करायचं, आणि एवढंच आपल्याच्याने होत नाही. झाकण उघडून मुलांना दाखवावंसं वाटतं.)

कधी हाड शाबूत, कंडरा शाबूत, पण पंखाची मोठी पिसं मोडलेली असतात. मोडलेल्या पिसाचा खुंट गळून नवं पीस यायला महिनोन्‌महिने लागतात. तोवर पक्षी पिंजऱ्यात ठेवला तर पायांना बसून बसून फोड येतात, स्नायू सैलावतात. त्यावर बाज पाळणाऱ्या शिकाऱ्यांची एक जुनी विद्या कामी येते. दुसऱ्या घारीचं गळलेलं पीस घ्यायचं. पंख तोच हवा, त्या पंखातला क्रमही तोच. पिसाचा दांडा आतून पोकळ असतो. बांबूची सळी तासून अर्धी खुंटात आणि अर्धी नव्या पिसात बसवायची, गोंदाचा एक थेंब सोडायचा, आणि तो शेजारच्या पिसांना चिकटू नये म्हणून खाली कागदाचा तुकडा धरायचा. पीस जरा फिरलेलं बसलं तरी उड्डाण बिघडतं. मेलेल्या घारींची पिसं जपून ठेवणारी केंद्रं असतात ती यासाठी. एका घारीच्या पिसांवर दुसरी उडते, आणि पुढच्या गळतीत ती उसनी पिसं आपसूक गळून स्वतःची येतात.

मुंबईला जीवदया शिकवायची गरज नाही. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशांनी दंगल केली. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढली, ती भुलेश्वरला आजही आहे. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही एकोणिसाव्या शतकातलं. आमच्या पार्ल्यात संक्रांतीला पक्ष्यांच्या उपचारांची शिबिरं लागतात, तरुण मुलं सुट्टी टाकून राबतात. ही परंपरा मोठी आहे, पण तिचा गाभा आहे जगवणं. म्हातारा बैल, लंगडा घोडा मरेपर्यंत सांभाळायचा. पाळीव जनावराच्या बाबतीत हे पूर्ण उत्तर आहे, कारण ते जनावर आपलंच होतं. घार आपली कधीच नव्हती, म्हणून तिथे हे उत्तर अपुरं पडतं.

शिवाय घार मांस खाते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन पक्षी रुग्णालयात शिकारी पक्ष्यांना दाखल करून घेत नाहीत. मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद या दोघा भावांनी लहानपणी जखमी घार नेली तेव्हा तिला घेतलं गेलं नाही; पुढे त्यांनी स्वतःच्याच तळघरात घारींचा दवाखाना चालवला. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा २०२२ चा माहितीपट त्यांच्यावरच आहे. रुग्णालयावर टीका करायचा माझा हेतू नाही. आपल्या व्रतात बसेल तेवढी दया करणं प्रामाणिकच असतं. पण दयेला आपल्या स्वयंपाकघराची चौकट असते, हे त्यातून दिसतं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रान उठलं! त्याच कबुतरांवर जगणाऱ्या शिक्र्याची बाजू घ्यायला मात्र कुणी रस्त्यावर येणार नाही.

पार्ल्याच्या पश्चिमेला जुहूचा किनारा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सुटले, उधाण आलं की प्लास्टिकबरोबर कासवंही वाहून येतात, बहुतेक ऑलिव्ह रिडले. जमलेल्या गर्दीचं पहिलं मत ठरलेलं: वाट चुकलंय, ढकला पाण्यात. पण समुद्री कासव अंडी घालण्यापुरतंच जमिनीवर येतं, आणि आपल्याकडे तो हंगाम थंडीचा. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या कासवाचं बहुधा त्राण संपलेलं असतं. ते हवेत श्वास घेतं. मान वर काढायची ताकद नसताना त्याला पाण्यात ढकललं तर कासव बुडून मरतं.

कवचाला आपण ढाल समजतो. ते बरगड्या आणि पाठीच्या कण्याचंच पसरलेलं हाड आहे, त्यात रक्त खेळतं, त्याला कळ लागते. फुप्फुसं त्याला आतून लागूनच असतात. बोटीच्या पंख्याचा घाव वरून बसला की हवा फुप्फुसातून शरीराच्या पोकळीत शिरते आणि कासव एका बाजूने तिरकं तरंगू लागतं. त्याला बुडी मारता येत नाही, म्हणजे तळाचे खेकडे मिळत नाहीत. डहाणूला वन विभागाच्या सहकार्याने ‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही संस्था कासवांचं उपचार केंद्र चालवते. असं जनावर बरं झालं की नाही, याची कसोटी टाकीतच लागते. ते सरळ तरंगतंय का, तळाशी जाऊन तिथे टिकतंय का? या कामात घाई चालत नाही. माणसाला दर आठ तासांनी द्यावं लागणारं सेफ्टाझिडीम हे प्रतिजैविक कासवाला बहात्तर तासांतून एकदा पुरतं. त्याचं रक्तच त्या गतीने चालतं, आणि हाडही त्याच गतीने सांधतं.

मासेमारीच्या तुटलेल्या जाळ्यात अडकून पुढचा वल्ह्यासारखा पाय कुजला तर तो कापावा लागतो. आणि असं तीन पायांचं कासव समुद्रात जगू शकतं! पाणी त्याचं वजन पेलतं, उरलेले पाय पोहणं सावरून घेतात. म्हणजे चौथा पाय गेलेलं कासव सोडण्याजोगं, आणि कंडरेचा एक धागा गेलेली घार सोडण्याजोगी नाही. बरं होण्याची टक्केवारी डॉक्टरही ठरवत नाही आणि आपणही ठरवत नाही. त्या प्राण्याला ज्या हवेत किंवा पाण्यात पोट भरायचं आहे, तिथे ती ठरते. दिसायला जे भयंकर ते कधी चालतं, आणि दिसतही नाही ते चालत नाही. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या दुःखावर पोसलेली आपली करुणा इथे वारंवार फसते.

सोडल्यावर काय होतं, हे क्वचितच समजतं. २०२१ मध्ये ओडिशात पायाला खूण लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली, तेव्हा अभ्यासकही चकित झाले. ती धडधाकट होती, उपचार केलेली नव्हती. घारीच्या बाबतीत तर ती पार्ल्याच्या विमानतळावर घिरट्या घालणाऱ्या इतर घारींत मिसळली की संपलंच. नावं ठेवून सेल्फी काढणाऱ्यांना हे जड जातं. हे काम न कळण्याच्या तयारीनेच करावं लागतं.

आता अवघड प्रश्न. जी घार कधीच उडणार नाही तिचं काय? पांजरपोळीचं उत्तर आहे, ठेवा आणि खायला घाला. कायदा वेगळं सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे वन्य प्राणी सरकारची मालमत्ता आहे. तो हाती आला तर ४८ तासांच्या आत कळवायचं. कलम ११ प्रमाणे बरा होण्यापलीकडे गेलेला प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. मला विचाराल तर, जे पशुवैद्य अशा घारीला शांतपणे मरू द्यावं म्हणतात त्यांच्या बाजूने मी आहे. दीड मीटर पंखांचा पक्षी वीस वर्षं चार फुटांच्या पिंजऱ्यात ठेवून आपण जगवतो ते आपलं समाधान. आमच्या घरातच यावर दोन मतं आहेत. आई म्हणते, जीव घ्यायचा तुम्हाला काय अधिकार? यावर माझ्याकडे एकच म्हणणं आहे: मग तिला आत ठेवायचा तरी काय अधिकार?

हा वाद पुष्कळदा टळू शकतो, पण त्याला जागा लागते. घारीला पंख पुरते उघडून वळता यावं, दमसास परत यावा, यासाठी निदान पन्नास फूट लांबीचा पिंजरा हवा. तिथे आठवडाभर उडवून पाहिल्याखेरीज कुठल्याही पंखाबद्दल ठाम सांगता येत नाही. दाण्यांना देणगी मिळते, औषधांना मिळते, ॲम्ब्युलन्सवर तर देणगीदाराचं नावही रंगवता येतं. पन्नास फूट रिकाम्या हवेसाठी पैसे मागायला गेलात, तर पार्ल्यात समोरचा माणूस आधी चौरस फुटाचा भाव विचारतो.