यंत्रमानवाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवण्याइतका माणसाची परीक्षा पाहणारा दुसरा प्रसंग नाही. एरवी आपल्याला काय प्रिय आहे हे आपले आपल्यालाही नीटसे ठाऊक नसते. पण टेम्पो दाराशी येऊन उभा राहिला आणि त्यात जागा अपुरी आहे असे दिसले, की आजीचे पितळी घंगाळ घ्यायचे की परवाच आणलेले कपाट, याचा निकाल पाच मिनिटांत लावावा लागतो. त्या पाच मिनिटांत आपण चारचौघांत उघडे पडतो.

अशा वेळी अमेरिकेत आणि इंग्लंडात काही गृहस्थ ज्या सामानाची सर्वांत अधिक काळजी वाहतात, त्याविषयी वाचून मी थक्क झालो. ते सामान म्हणजे पूर्ण मापाचा यंत्रमानव! १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. त्यात आर-टू-डी-टू नावाचा, घुमटासारख्या डोक्याचा आणि पिंपासारख्या अंगाचा एक यंत्रमानव आहे. उंची जेमतेम साडेतीन फूट. त्याची हुबेहूब प्रतिकृती घरी बनवणाऱ्या हौशी लोकांचे संघच आहेत. कोणी तो लाकडाचा करतो, कोणी प्लॅस्टिकच्या पत्र्याचा, कोणी ॲल्युमिनियमचा. पायांत चाके आणि मोटारी, डोके फिरवायला निराळी मोटार, पोटात बॅटऱ्या. हे सारे नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी. त्यात वर्षे जातात.

आणि मग एक दिवस घर बदलावे लागते. घुमट उतरवून गोधडीत गुंडाळायचा, बॅटऱ्या काढायच्या, खांद्याचे बोल्ट सोडवून पाय वेगळे करायचे, धड दोघातिघांनी मिळून उचलायचे आणि जिन्याच्या वळणावर श्वास रोखून धरायचा. नव्या घरी पोचल्यावर पुन्हा तारेला तार जुळवायची. एवढे करून पदरात काय पडते? कधी मुलांच्या इस्पितळात त्याला फिरवून आणतात, आजारी पोरे हसतात. एरवी काही नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटे नव्हे.

पण माझ्या मास्तरी मनाला खटकली ती गोष्ट वेगळीच. मुळातला आर-टू-डी-टू तरी कुठे खरा होता? चित्रपटातल्या अनेक प्रसंगांत त्या पिंपात केनी बेकर नावाचा, ३ फूट ८ इंच उंचीचा नट बसलेला असे. म्हणजे मूळ वस्तू हे एक सोंग, आणि ही मंडळी आयुष्याची उमेद खर्चून बनवतात ती त्या सोंगाची नक्कल!

नक्कल हा शब्द आम्हा शिक्षकांना विंचवासारखा डसतो. आणि याच शब्दापायी माझ्या हातून एक अन्याय झाला आहे. तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात कच्चा. चाचणी परीक्षेत गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवताना मी त्याला पकडला, भोपळा दिला आणि सर्वांदेखत तासभर उभे केले. त्याच वर्षी स्नेहसंमेलनासाठी त्याने हाच आर-टू-डी-टू बनवला. तेलाचे डबे, जुन्या पिंपाचे झाकण, मोडक्या खुर्चीची चाके असले सामान त्याने कुठून कुठून गोळा केले होते. मी कौतुकाने पाठ थोपटायला गेलो, तर म्हणाला, "सर, मापात आहे." मी हसलो. मनात म्हटले, इथेही नक्कलच!

पुढे शाळा नव्या इमारतीत गेली. कोणते सामान न्यायचे याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. न्यायचे, दुरुस्तीचे आणि निरुपयोगी असे तीन रकाने होते. यंत्रमानव जिन्याखाली धूळ खात उभा होता. मी त्याला तिसऱ्या रकान्यात लिहिले. लेखणी क्षणभरही अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाला यायचा होता. त्याच्या आधी तो मुलगा थोरल्या भावाला आणि एक हातगाडी घेऊन आला. मला त्याने काही विचारले नाही. दोघांनी यंत्रमानव आडवा निजवला, डोक्याखाली पोते घातले आणि सुतळीने बांधून घेऊन गेले. मी व्हरांड्यातून पाहत होतो. आपण काहीतरी चुकीचे केले आहे एवढे कळले. काय, ते कळले नाही.

ते कळायला मला रॉबीची गोष्ट वाचावी लागली. १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटासाठी सुमारे सात फूट उंचीचा हा रॉबी तयार केला गेला. आत माणूस उभा राहून चाले. म्हणजे हेही सोंगच. पुढे १९७० साली चित्रसंस्थेने जुने सामान लिलावात काढले, तेव्हा रॉबी कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात गेला आणि तिथे लोकांच्या हाताळण्याने त्याची दुर्दशा झाली. त्या सुमारास विल्यम मालोन नावाच्या एका चाहत्याने रॉबीची पूर्ण मापाची प्रतिकृती स्वतः बनवली होती. हाच मालोन पुढे चित्रपटदिग्दर्शक झाला. संग्रहालय बंद होताना त्याने मूळ रॉबी विकत घेतला आणि त्याची डागडुजी केली. ज्याने नक्कल केली होती, त्याच्याच हाताला असलाचे अंग ठाऊक होते! २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो रॉबी ५३,७५,००० डॉलरना गेला. बरोबर त्याच्या प्रवासाच्या जुन्या पेट्याही होत्या.

लंडनच्या एरिकची कथा याहून बोलकी आहे. १९२८ साली तिथल्या एका प्रदर्शनाचे उद्घाटन या ॲल्युमिनियमच्या पुतळ्याने उभे राहून, वाकून आणि भाषण करून केले. छातीवर अक्षरे होती 'आर. यू. आर.', म्हणजे कारेल चापेकच्या ज्या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला त्याचे नाव. पुढे हा एरिक नाहीसाच झाला. २०१६ साली तिथल्या सायन्स म्युझियमने लोकांकडून वर्गणी गोळा करून, जुन्या छायाचित्रांवरून त्याची प्रतिकृती बनवून घेतली. आज जगात एरिक आहे तो एवढाच. आणि आर-टू-डी-टू? २०१५ साली 'स्टार वॉर्स'चा नवा भाग आला, त्यातले यंत्रमानव करण्यासाठी निर्मात्यांनी इंग्लंडातल्या अशाच दोन हौशी कारागिरांना बोलावले. नक्कल करणारेच असलाचे जनक ठरले.

तेव्हा मला माझ्या मनातली गफलत दिसली. एकाच शब्दाखाली मी दोन अगदी उलट्या गोष्टी घालत होतो. परीक्षेत नक्कल करणारा उत्तर घेतो आणि वाट टाकून देतो. हौशी कारागिराला उत्तर आधीच ठाऊक असते, साऱ्या जगाने ते पडद्यावर पाहिलेले असते. त्याला हवी असते ती वाट. एकाला कष्ट चुकवायचे असतात, दुसऱ्याला कष्टच हवे असतात. दिवाळीत आपली मुले अंगणात रायगड रचतात, अळीव पेरून त्यावर हिरवळ उगवतात, मावळे मांडतात, माथ्यावर महाराजांना बसवतात. त्याला आपण कधी नक्कल म्हणतो का? चिखलात कोपरापर्यंत हात घातल्यावर त्या पोराला बुरुज म्हणजे काय, ते इतिहासाच्या धड्याहून चांगले कळते.

कोणी म्हणेल, पण किल्ला आपण दिवाळी सरल्यावर मोडतो, गणपती पाण्यात सोडतो. हाताने केलेल्या वस्तूचा मोह हातानेच सोडावा, ही आपली शिकवण. मग यंत्राचे हे धूड गावोगाव ओढत नेणे ही आसक्तीच नव्हे का? हा प्रश्न मीही मनाशी पुष्कळ घोळवला. असेल आसक्ती. पण विसर्जन करतो तो ज्याने पुजले तो. किल्ला मोडायचा तो ज्याने रचला त्याने. दुसऱ्याने येऊन केला तर तो त्याग होत नाही, ती मोडतोड होते. मी तिसरा रकाना भरला तेव्हा मोह माझा नव्हता, म्हणून त्यागही माझा नव्हता. दुसऱ्याच्या कष्टांवर मी नुसती रेघ ओढली होती.

गेल्या दिवाळीत त्या मुलाच्या घरी फराळाला गेलो. दोन खोल्यांचे घर. कोपऱ्यात यंत्रमानव उभा, गळ्यात झेंडूची माळ. मी त्याच्याकडे पाहतो आहे हे पाहून आई म्हणाली, "गुरुजी, दहा किलो तांदूळ मावतात ह्याच्या पोटात. उंदराची भीती नाही." मुलगा ओशाळला. "तिला सांगून दमलो, सर," म्हणाला.

दाखवण्यासाठी त्याने झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूस वहीचे एक पान चिकटवले होते, पिवळे पडलेले. त्यावर उभे आडवे आकडे. चित्रात उंची ९ सेंटीमीटर, खरी १०८. म्हणजे चित्रातला १ तो खरा १२. मग घुमट, खांदे, पाय, प्रत्येक मापाला बाराने गुणलेले. पानभर गुणोत्तर-प्रमाण! ज्या गणितात मी त्याला भोपळा दिला होता तेच.

सवयीने मी उदाहरणे तपासत खाली गेलो. डाव्या पायाच्या गुणाकारात हातचा धरायचा राहिला होता. मी खाली वाकून पाहिले. डावा पाय आखूडच होता, आणि त्याखाली पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक बेताने चिकटवल्या होत्या. तपासण्यासारखे माझ्यासाठी काही उरलेच नव्हते.