उरलेला दीड क्विंटल

पानिपतच्या शिवारात उशिरा निघणारा बासमती किंवा तोडणीला आलेला ऊस रान अडवून बसतो. मग नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायची गव्हाची पेरणी डिसेंबरच्या मध्यावर जाते. तिकडे एकराला किल्ला म्हणतात, आणि किल्ल्याकिल्ल्याला विचारला जाणारा प्रश्न आपल्याकडच्यासारखाच असतो: बियाणं कोणतं चांगलं?

हा प्रश्न एकट्या बियाण्यापुरता विचारता येतो का, हे तपासायची रीत म्हणजे टू-वे ॲनोवा. विद्यार्थी तिचा तक्ता पाठ करतात, पण हा पहिला प्रश्न निसटतो, आणि मला त्याची फार हळहळ वाटते.

दोन वाण घेऊ. ‘अ’ वेळेवर पेरायचा, ‘ब’ उशिराच्या पेरणीचा. तारखा दोन, ५ नोव्हेंबर आणि १५ डिसेंबर. चार जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीला चार वाफे, म्हणजे एकूण सोळा, चिठ्ठ्या टाकून रानभर विखुरलेले. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून मीच मांडले आहेत, एकरी क्विंटलमध्ये. नोव्हेंबरात ‘अ’ सरासरी २४ देतो, ‘ब’ २०. डिसेंबरात ‘अ’ १५ वर येतो, ‘ब’ १७ वर थांबतो. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा भरायच्या वेळी मार्चअखेरचा गरम वारा गाठतो आणि दाणा चिरमटतो. लवकर पक्व होणारा वाण त्यातून थोडा वाचतो.

आता वाणांच्या सरासऱ्या काढा: ‘अ’ साडेएकोणीस, ‘ब’ साडेअठरा. तारखांच्या २२ आणि १६. सगळ्यांची मिळून १९. वाण आपलं काम वेगळं करतो आणि तारीख आपलं वेगळं, असं धरलं तर नोव्हेंबरातल्या ‘अ’ला किती यायला हवं? एकोणीसमध्ये वाणाचा अर्धा आणि तारखेचे तीन मिळवा: साडेबावीस. आले मात्र चोवीस. हा दीड क्विंटल ना वाणाच्या नावावर टाकता येतो, ना तारखेच्या. तो त्या दोघांच्या जोडीचा आहे. उरलेल्या तीन जोड्यांतही तोच दीड निघतो, कुठे जास्तीचा, कुठे कमीचा. याला परस्परक्रिया म्हणतात.

पण दीड क्विंटल खरा कशावरून? नोव्हेंबरातल्या ‘अ’चे चार वाफे पाहा: २४, २२, २५, २५. बी तेच, दिवस तोच, तरी एक वाफा दोनाने मागे. तिथे पाणी तुंबलं असेल, माती हलकी असेल. हा जो नुसता रानाचा चढउतार आहे, त्याच्याशी बाकी सगळ्याची तुलना करायची. फरकांचे वर्ग करून बेरजा घेतल्या की वाणाच्या वाट्याला ४ येतात, तारखेच्या १४४, जोडीच्या ३६. चारही जोड्यांत वाफ्यांचा फरक मी सारखाच धरला आहे, त्याचे २४. हे चोवीस बारा मोकळ्या फरकांवर (प्रत्येक जोडीत तीन, चौथा आपोआप ठरतो) वाटले की दोन उरतात. या दोनाने बाकीच्यांना भागा. वाण २, तारीख ७२, जोडी १८. पाच टक्क्यांच्या कसोटीला इथली मर्यादा ४.७५ आहे; तारीख आणि जोडी ती ओलांडतात, वाण नाही.

नुसती वाणाची ओळ वाचणारा सांगेल, दोन्ही बियाण्यांत फरक दिसत नाही. आणि तो दोन्ही शेतकऱ्यांना चकवील. वेळेवर पेरणाऱ्याचे चार क्विंटल बुडतील, उशिरा पेरणाऱ्याचे दोन. म्हणून तक्ता जोडीच्या ओळीपासून वाचावा.

प्रत्येक जोडीला एकेकच वाफा असता तर? तो दीड क्विंटल जोडीचा की तुंबलेल्या पाण्याचा, हे या हिशोबाला सांगताच आलं नसतं. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला लढाईशिवाय वेगळं सुचायचं नाही, म्हणून सांगतो. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चुकल्या की गनिमी कावा सोडणं चुकलं, हा वाद आपण अडीचशेहून अधिक वर्षं घालतो आहोत. तोफखाना चांगला, घोडदळही चांगलं. दोघांची जोडी जमली का, हा खरा प्रश्न. पण १४ जानेवारी १७६१ हा एकच वाफा आहे. १५२६ आणि १५५६ च्या लढाया त्याच रानात झाल्या, पण पेरणी वेगळी होती.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी १९२३ मध्ये बटाट्यावर हा हिशोब मांडला, तेव्हा प्रश्न जोडीचाच होता: सगळे वाण खताला सारखीच दाद देतात का? आपल्याकडे ती विद्या शेतकी संशोधकांच्या हाती दिली दोन मराठी माणसांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरला कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये छापलेलं त्यांचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या कृषी महाविद्यालयांत वापरलं गेलं.

तरी एका हंगामावर निकाल लावू नये. २०२२ चा मार्च देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. अशा साली वेळेवर पेरलेल्या गव्हालाही शेवटी ऊन गाठतं, आणि ‘अ’चा चोवीसचा आकडा खाली येऊ शकतो. मग वर्ष हा तिसरा घटक घ्यावा लागतो. पानिपतपासून गाडीने तासाभरावर असलेल्या कर्नालला गहू व बार्ली संशोधन संस्था आहे. तिच्यामार्फत वाणांच्या चाचण्या अनेक ठिकाणी, सालोसाल आणि वेळेवरच्या व उशिराच्या पेरणीसाठी निरनिराळ्या घेतल्या जातात. शेतकऱ्याने बियाण्याचं नाव विचारलं, तर आधी त्यालाच विचारायचं: बासमती कधी निघणार?