सतरावं होल आणि माझी पेन्सिल



गेले काही दिवस आपण गीतेच्या सहाव्या अध्यायात आहोत. काल अर्जुनाच्या तक्रारीपाशी थांबलो होतो. मन एका जागी राहत नाही, त्याला आवरायचं कसं, ही ती तक्रार. मला आवडतं ते हे, की श्रीकृष्ण ती तक्रार खोडून काढत नाहीत. मन अवघड आहे हे ते मान्य करतात आणि मग दोन शब्द हातात ठेवतात: अभ्यास आणि वैराग्य.

आज या दोन शब्दांबद्दल लिहायचंय, पण गोल्फच्या मैदानावरून. हसू नका. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या टीमबरोबर सहज गेले आणि अडकले. न्यू जर्सीत काऊंटीची सार्वजनिक मैदानं आहेत, रविवारी पहाटे साडेसहाची वेळ मिळाली की अकराच्या आत घरी येता येतं. आमच्या चौघांत एक काकाही आहेत. सत्तरी ओलांडलेले, पुण्यातल्या कारखान्यातून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. बाकी दोघं ऑफिसचे.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका राऊंडमध्ये १८ होल्स. प्रत्येक होलला ठरलेले फटके असतात, तीन, चार किंवा पाच. त्याला पार म्हणतात. आमच्या मैदानाचं एकूण पार ७२. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर बोगी, दोन लागले तर डबल बोगी. माझ्यासारख्या हौशी लोकांचं पहिलं मोठं स्वप्न म्हणजे शंभराच्या आत येणं.

आता गंमत बघा. नऊ होल्सवर बोगी आणि नऊ होल्सवर डबल बोगी केली, तर बेरीज होते ९९. म्हणजे शंभराच्या आत यायला एकदाही पार करायची गरज नाही! ग्रेट काही करायचं नाहीये, फक्त कुठेच फार वाईट करायचं नाही. ऐकायला किती सोपं वाटतं. मला ते दोन वर्षं जमलं नव्हतं.

का जमत नाही? राऊंड चार-साडेचार तासांची असते. एक स्विंग दोन सेकंदांत संपतो. शंभर फटके धरले तरी प्रत्यक्ष मारण्याची वेळ तीन-चार मिनिटं. बाकी सगळा वेळ मी चालत असते, आणि माझं डोकं माझ्याबरोबर चालत असतं. खेळ तिथे बिघडतो. एक फटका झाडीत गेला की राग येतो. रागात वाटतं, आता दोन झाडांच्या फटीतून असा मारते की सगळं भरून निघेल. बॉल खोडाला लागून आणखी आत जातो. एका चुकीचे चार फटके होतात.

काका असं कधी करत नाहीत. बॉल झाडीत गेला की ते आडवा, छोटा फटका मारून आधी फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवतावर, परत येतात. एक फटका गेला, विषय संपला. त्यांचा कुठलाच फटका बघण्यासारखा नसतो आणि त्यांचा स्कोअर बहुतेक वेळा माझ्यापेक्षा कमी असतो. एकदा विचारलं, "काका, तुम्हाला राग येत नाही का?" म्हणाले, "येतो की. पण तो मागच्या बॉलचा असतो गं. पुढच्या बॉलनं काय केलंय?"

जप करणाऱ्यांना हे लगेच कळेल. माळेच्या चाळिसाव्या मण्यावर लक्षात येतं की मन केव्हाच ऑफिसच्या ईमेलमध्ये गेलंय. म्हणून आपण पहिल्या मण्यापासून सुरू करत नाही, आणि स्वतःला शिव्या घालत दहा मणी वायाही घालवत नाही. पुढच्या मण्यावर परत येतो. मन न भटकणं हा अभ्यास असेल तर आपण सगळेच नापास. मला वाटतं, परत येणं हा अभ्यास आहे.

पण खरा प्रसंग सांगायचाय तो वेगळाच.

मागच्या सप्टेंबरमधला रविवार. मी ठरवून गेले होते की बेरीज करायची नाही, फक्त समोरचा बॉल. सहाव्या होलनंतर केळं, बाराव्यानंतर शेंगदाण्याची चिक्की, मधेमधे पाणी. शेवटच्या चार होल्सवर पाय दमतात आणि पायांबरोबर निर्णयही दमतात, हे मी शिकले होते. सगळं छान चाललं होतं. सोळाव्या होलनंतर मात्र राहवलं नाही. कार्ड काढलं, बेरीज केली. ८७. उरलेली दोन्ही होल्स पार चारची. दोन्हीकडे डबल बोगी झाली तरी सहा आणि सहा, एकूण ९९.

त्या क्षणापासून मी बॉल खेळत नव्हते, ९९ हा आकडा खेळत होते.

सतराव्याचा पहिला फटका उजवीकडे लांब गवतात गेला. बाकीचे तिघं फेअरवेच्या पलीकडे होते. मी बॉलपाशी उभी राहिले, क्लबचं टोक बॉलच्या मागे गवतावर टेकवलं, आणि बॉल हलला. दोन बोटं पुढे सरकला. आधी तो गवतात रुतलेला होता, आता थोडा वर आला होता. कुणीच बघितलं नाही.

नियम साधा आहे. तुमच्यामुळे बॉल हलला तर एक दंडाचा फटका मोजायचा आणि बॉल जागेवर परत ठेवायचा. परत न ठेवता नव्या जागेवरून खेळलात तर दंड एकूण दोन फटक्यांचा. मी काहीच केलं नाही. मारला. सुंदर गेला. त्या होलवर सहा लिहिले, अठराव्यावर सहा. ९९. टाळ्या, मिठ्या, कार्डाचा फोटो. दहा मिनिटांत तो फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर. नाशिकला बाबांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी तो फोटो स्टेटसला ठेवला. सोसायटीतल्या सगळ्यांना सांगितलं की लेकीनं शंभराच्या आत केलं.

खरं कार्ड १०१ चं होतं.

आता प्रश्न. त्यात बिघडलं काय? मित्रांमधला खेळ. ना बक्षीस, ना पैसा. कुणाचं नुकसान झालं नाही. दोन बोटांनी असा काय फरक पडतो? पंधरा दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. आणि हा युक्तिवाद अगदी टाकाऊ नाही. नुकसान मोजायचं झालं तर खरंच शून्य आहे.

पण मला एक गोष्ट सुटत नव्हती. मी कशाच्या मागे होते? सातत्याच्या. आणि गोल्फ हा खेळ स्वतःच निकालातल्या सातत्याची फार अपेक्षा करत नाही. २०२० पासून जगभर जी हँडिकॅप पद्धत आहे, तिच्यात तुमच्या शेवटच्या २० राऊंड्सपैकी सगळ्यात चांगल्या ८ ची सरासरी धरतात. म्हणजे उरलेल्या १२ राऊंड्स त्याहून वाईट असणार हे गृहीतच आहे. एखाद्या होलवर फारच वाट लागली, तर हँडिकॅपसाठी त्या होलचे फटके एका मर्यादेपुढे मोजतच नाहीत. खेळाला माहीत आहे की माणूस डगमगतो. वारा आहे, उतार आहे, दुखरा खांदा आहे.

एका जागी मात्र खेळ सूट देत नाही. फटके खरे मोजायचे. आणि तिथे अंपायर नाही. हौशी राऊंडमध्ये दंड खेळाडूनं स्वतःच स्वतःला लावायचा असतो. माझा स्विंग पूर्ण माझ्या हातात नाही. वारा तर नाहीच. पण कार्डावर लिहायची पेन्सिल पूर्णपणे माझ्या हातात होती. चार तासांत जी एकमेव गोष्ट शंभर टक्के माझ्या ताब्यात होती, सातत्य नेमकं तिथेच सुटलं.

आमच्या कामात याला सरळ शब्द आहे. सर्व्हर कोसळला तर नोकरी जात नाही. रात्रभर बसून लॉग वाचतो, चूक शोधतो. पण कुणी लॉगमध्येच फेरफार केला तर संपलं. मग पुढची कुठलीच चूक सापडणार नाही, कारण वाचायला खरं काही उरलंच नाही. स्कोअरकार्ड हा माझा लॉग होता.

याच खेळातली एक खरी गोष्ट आहे. १९२५ ची यू.एस. ओपन, वूस्टर, मॅसॅच्युसेट्स. बॉबी जोन्स हा त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू, आणि तो शेवटपर्यंत हौशी म्हणूनच खेळला. पहिल्या फेरीत रफमध्ये, लांब गवतातच, त्याचा बॉल किंचित हलला. अधिकाऱ्यांनी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतः सांगितलं आणि एक फटका दंड घेतला. चार फेऱ्यांनंतर तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत आले, आणि प्लेऑफमध्ये जोन्स हरला. तो एक फटका मोजला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती, स्पर्धा त्याचीच होती. लोकांनी कौतुक केलं ते त्याला आवडलं नाही. नियम पाळण्यात कौतुक कसलं, असं त्याचं म्हणणं होतं.

तो दंड त्यानं पहिल्याच फेरीत घेतला, शेवट काय होणार हे माहीत नसताना. मी सतराव्या होलवर होते, आकडा डोळ्यांसमोर ठेवून. मला वाटतं वैराग्याचा अर्थ इथे कळतो. खेळावरचं प्रेम सोडायचं नाही. 'अमॅच्युअर' हा शब्दच मुळात प्रेम करणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलाय, आणि आपला 'हौशी' त्याच्या फार लांब नाही. सोडायचा तो आकडा. आकडा घट्ट धरला की हात पेन्सिलीवरचा ताबा सोडतो. म्हणून गीतेत हे दोन शब्द जोडीनं येतात. नुसता अभ्यास माझ्याकडे होता. केळं, चिक्की, पाणी, सगळं होतं. दुसरा शब्द नव्हता.

शेवटी काकांना सांगितलं. पार्किंगमध्ये, बूट बदलताना. मला वाटलं होतं ते काहीतरी उपदेश करतील. ते म्हणाले, "मग दोन लिही आणि चल पुढे." मी म्हटलं, "काका, पंधरा दिवस झोप नाही नीट." तर म्हणाले, "तेही जरा जास्तच झालं. दंड दोन फटक्यांचा आहे, पंधरा दिवसांचा नाही."

यावर मी खूप विचार केला. स्वतःला कुरतडत बसणं मला प्रामाणिकपणाचं लक्षण वाटत होतं. पण तेही झाडीतून मोठा फटका मारण्यासारखंच होतं, एका चुकीचे चार फटके. आडवा मारून फेअरवेवर यायचं, एवढंच तर करायचं होतं.

कार्ड बदलणं सोपं होतं. अवघड होते बाबा. शनिवारी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. "बाबा, तो स्कोअर बरोबर नव्हता. मी दोन फटके लिहिले नव्हते." ते क्षणभर गप्प. मग विचारलं, "म्हणजे शंभराच्या वर?"

"हो. एकशे एक."

"चुकून राहिले का?"

इथे मला परत एक फट दिसली, दोन झाडांमधली. 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. मी म्हटलं, "नाही बाबा. माहीत होतं."

ते थोडा वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "बरं. जोशीकाकूंना आता काय सांगू?" आणि आम्ही दोघंही हसलो, पण मला माहीत आहे की त्यांना लागलं. ते लागणं मी पुसू शकत नाही. तोही कार्डावरचाच एक फटका आहे, आणि तो मोजायला हवा.

त्यानंतर मी अकरा राऊंड्स खेळले. सगळ्यात चांगला स्कोअर १०२. शंभराच्या आत अजून आलेले नाही, आणि यायचंय, खूप यायचंय. फक्त आता बेरीज अठराव्यानंतर, गाडीत बसून करते.

आजचा छोटा अभ्यास: दिवसभरात अशी एक जागा शोधा जिथे कुणी बघत नाही आणि पेन्सिल तुमच्या हातात आहे. टाइमशीट असेल, जपाची संख्या असेल, आईला सांगितलेलं "जेवले गं" असेल. तिथे एकदा खरा आकडा लिहा. चुकला असाल तर दोन फटके मोजा, आणि पुढच्या मण्यावर या.

उद्या याच अध्यायात पुढे जाऊ. राम कृष्ण हरी!