ओझे कोणी वाहावे?

संततिनियमन पाप आहे काय? १९३० साली लँबेथ परिषदेने अँग्लिकन दांपत्यांना मर्यादित मोकळीक दिली. पण पुढचा प्रश्न उरतोच: त्रास कोणी सोसावा?

गोळी रोज स्त्रीनेच घ्यायची, तांबी तिनेच बसवून घ्यायची. मुले पुरे झाली की ऑपरेशनही तिचेच. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी अधिक सोपी व कमी धोक्याची. तीन महिने निरोध वापरून तपासणी करावी, एवढेच. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषांचे ०.३ टक्के!

निपाणीत दिवसभर विड्या वळणाऱ्या भगिनीने हेही ओझे एकटीने वाहावे काय? इफिसकरांस पत्र ५:२५ पतीला स्वार्पणाची प्रीती शिकवते. भावांनो, ती आधी आपल्या घरात दिसो.