‘मुद्दाम करतो’ या निष्कर्षाविषयी

माणसाच्या पुन्हापुन्हा घडणाऱ्या बारीकसारीक हालचालींसाठी मराठीत खोड, चाळा, लकब, सवय असे अनेक शब्द आहेत, आणि त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या असल्या तरी एक गोष्ट त्या सर्वांत गृहीत धरलेली असते, ती म्हणजे हालचाल करणारा माणूस त्या हालचालीचा धनी आहे आणि मनावर घेतले तर तो ती सोडू शकतो. खोड मोडायची असते, चाळे बंद करायचे असतात, सवय सोडायची असते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शिंक, उचकी, कंप, आकडी हे शब्द आहेत. तेथे शरीर माणसाला न विचारता आपले काम करते, आणि म्हणून त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. उचकी लागलेल्या माणसापुढे घरातले पाण्याचा पेला ठेवतात आणि कोणीतरी आठवण काढत असेल असे म्हणतात. ‘उचक्या बंद कर’ असे त्याच्यावर कोणी ओरडत नाही. या दोन गटांच्या बरोबर मधे पडणाऱ्या हालचालींसाठी मात्र रोजच्या मराठीत शब्द नाही. वैद्यकशास्त्र त्यांना ‘टिक’ म्हणते, आणि हा शब्द आपल्याकडे फारसा पोहोचलेला नसल्यामुळे टिक असलेल्या मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिल्या गटातलेच शब्द येतात.

टिक म्हणजे अचानक, झटक्यासरशी आणि लयीशिवाय पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा बाहेर पडणारा आवाज. डोळे मिचकावणे, नाक मुरडणे, मान झटकणे, खांदा उडवणे या स्नायूंच्या टिक्स होत, तर घसा खाकरणे, नाक ओढणे, हुंकार किंवा बारीक किंकाळी काढणे, एखादा शब्द मधेच उच्चारणे या आवाजाच्या टिक्स होत. त्या आठवड्यागणिक कमीजास्त होतात, एक जाऊन तिच्या जागी दुसरी येते, थकवा, उत्साह आणि ताण यांनी वाढतात. त्यांचा काळ एक वर्षापेक्षा कमी असेल तर विकार तात्पुरता समजला जातो. वर्षाहून अधिक काळ केवळ स्नायूंच्या किंवा केवळ आवाजाच्या टिक्स राहिल्या तर तो दीर्घकालीन टिक विकार ठरतो. आणि अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू झालेल्या, एकाहून अधिक स्नायूंच्या टिक्स व किमान एक आवाजाची टिक अशा दोन्ही प्रकारच्या टिक्स वर्षाहून अधिक काळ दिसल्या तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. सुरुवात बहुधा चार ते सहा वर्षांच्या वयात होते, दहा ते बारा या वयात त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि पुढे विशीपर्यंत बहुतेकांच्या टिक्स बऱ्याच ओसरतात. मुलींपेक्षा मुलांत हा विकार तीन-चार पट अधिक आढळतो. शाळकरी वयातील दर शंभर-तीनशे मुलांमागे साधारण एकाला टुरेट असतो असे अनेक देशांतील पाहणीतून दिसले आहे, म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेत असे एखादे तरी मूल असणे मुळीच नवलाचे नाही.

तरीही या मुलाचा विकार ओळखला जाण्याआधी बराच काळ निघून जातो. डोळे मिचकावणाऱ्याला प्रथम डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले जाते, खाकरणाऱ्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. थेंब होतात, ॲलर्जीच्या गोळ्या होतात, कोणी दृष्ट काढते, कोणी देवऋषीचे नाव सुचवते, आणि त्यातल्या एखाद्या उपायानंतर योगायोगाने टिक्स ओसरल्या की तोच उपाय लागू पडला असे घरात ठरून जाते, कारण चढउतार हा या विकाराचा स्वभावच आहे. हा वळसा त्रासाचा असला तरी त्यात मुलाचा अपमान नसतो. अपमान सुरू होतो तो सर्व तपासण्या ‘नॉर्मल’ आल्यानंतर, जेव्हा ‘म्हणजे याला काही झालेलेच नाही, हा मुद्दाम करतो’ असा अर्थ काढला जातो.

हा निष्कर्ष ज्या एका निरीक्षणावर उभा आहे ते निरीक्षण मात्र खोटे नाही, आणि म्हणूनच तो इतका चिवट आहे. टिक काही काळ थोपवता येते. टिक येण्याआधी बहुतेकांना शरीराच्या त्या भागात एक अस्वस्थ जाणीव होते. मानेत काहीतरी ताठरल्यासारखे, घशात काहीतरी अडकल्यासारखे, पापणीखाली कण गेल्यासारखे वाटते, ही जाणीव वाढत जाते आणि हालचाल केल्यावर क्षणभर शमते. या पूर्वजाणिवेची सर्वांत जवळची ओळख म्हणजे खाज. खाजवणारा हात आपणच उचलतो, पण खाज आपण आणलेली नसते; ती मिनिटभर सोसता येते, तासभर सोसत राहिले तर दुसरे काही सुचत नाही. त्यामुळे टिक ऐच्छिक की अनैच्छिक या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तरच देता येत नाही. मेंदूच्या खोल भागात असलेली तळगंडिका नावाची केंद्रे नको असलेल्या हालचालींना आवर घालतात. मेंदूची वरची साल, ही केंद्रे आणि चेतक (थॅलॅमस) यांना जोडणाऱ्या वर्तुळाकार मार्गांत हा आवर सैल पडतो आणि त्यात डोपामीन या रसायनाचा वाटा असतो, इतके आज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. विकारात आनुवंशिकतेचा भागही मोठा आहे, मात्र त्याला एकच एक जनुक जबाबदार नाही.

सहावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाकडे या दृष्टीने पाहावे. कालच बाईंनी सर्वांसमोर ‘मान नीट ठेव’ असे बजावले असल्यामुळे आज त्याने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे आणि हनुवटी छातीकडे रोखली आहे. धड्यातली एक ओळ त्याने तीनदा वाचली, पण ती डोक्यात शिरली नाही, कारण अर्धे लक्ष मानेवर पहारा देण्यात गुंतले आहे. प्रश्न विचारला गेला तेव्हा तो दचकतो आणि ‘लक्ष कुठे आहे’ हे ऐकून घेतो. मधल्या सुट्टीत तो डबा न उघडता पाण्याच्या टाकीमागे जातो, तेथे कोणी नसते. संध्याकाळी घरी येऊन दप्तर टाकले की मान सुटते, आणि आई म्हणते, “बाई तर सांगतात शाळेत छान शांत असतोस, मग घरी आल्यावरच हे काय सुरू करतोस?” दिवसभर केलेल्या कष्टाचा पुरावाच या प्रश्नात आरोप होऊन त्याच्यापुढे येतो. दाबून धरल्यामुळे टिक्स नंतर उसळून दुप्पट होतात असे प्रयोगांत सिद्ध झालेले नाही. घरी दिसते ती बव्हंशी केवळ सुटलेली मोकळीक असते. थोपवण्याची खरी किंमत लक्षाच्या रूपाने चुकती करावी लागते, आणि ती गुणपत्रिकेवर दिसली तरी तिचे कारण तेथे लिहिलेले नसते.

अशीच गफलत उलट दिशेनेही होते. गाण्यात, खेळात, वाद्यात किंवा हातातल्या कुशल कामात मन पूर्ण गुंतले की अनेकांच्या टिक्स कमी होतात किंवा थांबतात. ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञाने 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात कॅनडातील एका शल्यविशारदाचे चित्र रेखाटले आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा राहिला की त्याच्या एरवी अखंड चालणाऱ्या हालचाली नाहीशा होत. पण आपल्या अंगणात क्रिकेट खेळताना मुलाची मान स्थिर दिसली की ‘बघा, तेव्हा बरे होत नाही’ असे म्हटले जाते. गुंतलेल्या मनाचा टिकवर होणारा परिणाम आणि इच्छाशक्तीचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मुलाला श्रम पडत नाहीत, दुसऱ्यात तो थकतो.

या विकाराच्या इतिहासातही हा ‘मुद्दाम’चा संशय वेगवेगळ्या वेषांत परत परत आलेला दिसतो. आव्हेरोंच्या रानमुलाला शिकवण्याच्या प्रयत्नासाठी प्रसिद्ध असलेले फ्रेंच वैद्य इतार यांनी 1825 मध्ये मार्किझ द दांपिएर या सरदार घराण्यातील स्त्रीचे वर्णन नोंदवले. सातव्या वर्षी सुरू झालेल्या तिच्या झटक्यांत पुढे किंकाळ्या आणि अश्लील शब्दांची भर पडली होती. साठ वर्षांनी, 1885 मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली काम करणाऱ्या झिल द ला तुरेत यांनी नऊ रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात दांपिएर यांची हकिकत आघाडीवर होती, आणि शार्को यांनी विकाराला तुरेत यांचे नाव दिले. एका कुलीन स्त्रीच्या तोंडी शिव्या, हे चित्र लोकांच्या मनात इतके ठसले की टुरेट म्हणजे शिव्या देण्याचा आजार अशी समजूत आजही चित्रपटांतून आणि विनोदांतून फिरते. प्रत्यक्षात असे शब्द दहा-पंधरा टक्के रुग्णांतच आढळतात. ज्यांच्यात ते आढळतात त्यांच्यासाठी ती सर्वांत क्रूर टिक ठरते, कारण मेंदू नेमका तोच शब्द पुढे ढकलतो जो त्या जागी उच्चारू नये असे त्या माणसाला मनापासून वाटत असते, आणि ऐकणारा तो शब्द त्याचे मत समजतो.

विसाव्या शतकात मनोविश्लेषणाचा जोर वाढला तेव्हा टिक दडपलेल्या इच्छांचे चिन्ह ठरली. हंगेरीचे शांदोर फेरेन्त्सी यांनी 1921 मध्ये तिचा संबंध आत्मरतीशी जोडला. म्हणजे मुलगा ‘मुद्दाम’ करत नसला तरी त्याचे अबोध मन ते करते असे मानले गेले, आणि दोषाचा काही भाग आईबापांकडेही सरकला. 1961 मध्ये हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक्स कमी होतात असे फ्रान्समधून नोंदवले गेले, आणि आर्थर व इलेन शपिरो या न्यूयॉर्कच्या दांपत्याने 1968 मध्ये त्याच आधारावर मनोविश्लेषणाची ही मांडणी खोडून काढली. रुग्णांच्या कुटुंबांनी 1972 मध्ये अमेरिकेत स्वतःची संघटना उभारली. अनेक पालकांच्या मनावरचे ओझे यामुळे उतरले, हे या इतिहासातील सर्वांत समाधानाचे पान मानले पाहिजे.

टुरेट असलेल्या बहुसंख्य मुलांना टिक्सखेरीज आणखी काहीतरी असते, आणि त्यात अवधान कमी पडण्याचा व अतिचंचलतेचा विकार आणि मंत्रचळ, म्हणजे तेच विचार व त्याच कृती यांचा पिच्छा न सुटणे, हे दोन प्रमुख आहेत. पुष्कळदा आयुष्य टिक्सपेक्षा यांनीच अधिक अवघड केलेले असते, पण दिसते ती मान, म्हणून उपचारही मानेचा मागितला जातो. जाणत्या बालमनोविकारतज्ज्ञाचा पहिला प्रश्न टिक्स किती आहेत हा नसून कोणत्या गोष्टीने मुलाचे जगणे अडते हा असतो. सौम्य टिक्सना औषध देण्याची गरज नसते. क्लोनिडीन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधे लागली तर झोप, वजन अशा दुष्परिणामांचा हिशेब मांडूनच दिली जातात.

वर्तनोपचाराची कथा याहून उद्बोधक आहे. ॲझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाला पूर्वजाणीव ओळखायला आणि ती उठताच टिकला शारीरिकदृष्ट्या अशक्य करणारी एक शांत हालचाल करायला शिकवतात. मान झटकण्याची ऊर्मी आली की हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे आणि ती ओसरेपर्यंत थांबायचे. या पद्धतीवर आधारलेल्या दहा आठवड्यांच्या उपचाराची 126 मुलांवर घेतलेली चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत उपचार घेतलेल्यांपैकी 52.5 टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली, तर केवळ समुपदेशन मिळालेल्यांत 18.5 टक्के. येथे कोणी म्हणेल की शिकून थांबवता येते तर रागावून का थांबवता येणार नाही. फरक मोठा आहे. रागावणारा मुलाला ऊर्मीशी एकट्याने झुंजायला सोडतो आणि वर ताणाची भर घालतो, ज्याने टिक्स वाढतात. उपचार करणारा त्याला ऊर्मी येऊन निघून जाते हे अनुभवायला शिकवतो, आणि घरातल्यांना टिककडे टोकण्यासाठी किंवा लाडासाठी लक्ष देणे सोडायला सांगतो. इच्छेला या उपचारात जागा आहे, दोषाला नाही.

इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांचे समकालीनांनी केलेले वर्णन वाचून त्यांना टुरेट असावा असे आज अनेक तज्ज्ञ मानतात. 1735 मध्ये सोलिहल येथील शाळेने त्यांना मुख्याध्यापकाची जागा नाकारली, आणि त्यामागे त्यांच्या चेहऱ्याच्या वेड्यावाकड्या हालचाली हेही एक कारण होते. टुरेट असलेल्या अमेरिकेतील ब्रॅड कोहेन यांनाही शिक्षक होण्यासाठी अनेक शाळांचे नकार पचवावे लागले. त्यांच्या पुस्तकावर आधारलेल्या ‘हिचकी’ या 2018 च्या हिंदी चित्रपटाने भारतातील असंख्य घरांत टुरेट हे नाव प्रथमच पोहोचवले. दोन नकारांमध्ये अडीच शतकांचे अंतर असूनही दारावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर तीच आहे, हे अस्वस्थ करणारे आहे.

भारतातील 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे. टुरेटचे नाव तीत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, आणि ती सवलत अनेक पालकांनी व शिक्षकांनी चिकाटीने मागून मिळवलेली आहे. टिक असलेल्या मुलाची गरज पुष्कळदा त्याहूनही साधी असते: शंभर मुलांच्या शांततेत आपला आवाज दाबून धरण्यात पेपरचा निम्मा वेळ जाऊ नये म्हणून एक वेगळी खोली, आणि एरवी वर्गात टिक्स अनावर झाल्या तर न विचारता दोन मिनिटे बाहेर जाऊन येण्याची मुभा. टिक्सचा जोर सर्वाधिक असतो ती वर्षे पाचवी ते सातवीची, म्हणजे परीक्षा शाळेच्याच हातात असण्याची आहेत. या दोन गोष्टींसाठी कायद्याच्या यादीची वाट पाहावी लागत नाही. मुख्याध्यापकांची एक सही पुरते, आणि पालकांनी येत्या चाचणी परीक्षेआधीच ती मागावी.