पूर्वजांची थकबाकी

हिवाळ्यातले जयपूर डोळे भरून पाहावे आणि पोट भरून खावे असे आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात हवामहालाच्या खिडक्या पाहाव्यात, जंतरमंतरातील सम्राट यंत्राची सावली डोळ्यांदेखत सरकताना न्याहाळावी, मग जौहरी बाजारात गरम कचोरी खाऊन वर तिळाच्या गजकाचा तुकडा तोंडात टाकावा. केंद्र सरकारच्या कारकुनाला रविवारी याहून अधिक सुख नको असते. येथे आलेल्या पाहुण्यांना आम्ही मराठी मंडळी याच क्रमाने फिरवितो. दालबाटीवर तूप किती घ्यावे, याविषयीचा आमचा घरगुती मतभेद मात्र अजून मिटलेला नाही.

पण त्रिपोलिया बाजारात आले की ईसरलाटीचा मनोरा दिसतो, आणि आमच्या सुखात थोडी खोट येते. सवाई ईश्वरीसिंहांनी आपल्या विजयाचे स्मारक म्हणून १७४९ मध्ये तो उभारला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, थकलेल्या खंडणीसाठी मल्हारराव होळकर चालून आले, तेव्हा याच राजाने विष घेतले. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता. १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतली माणसे हे नवे शहर आणि येथली देवळे पाहावयास तटाच्या आत आली. आली म्हणजे आमच्यासारखीच, थंडीच्या दिवसांत शहर पाहायला! दुपारी दंगल उसळली, दिसेल तो मराठा कापला गेला. मृतांचा आकडा हजारांत सांगतात.

एका स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "होळकरांच्या खंडणीशी तुमचा काय संबंध? तुम्ही फायली लिहिणारी माणसे." उत्तर सोयीचे आहे. परंतु हेच स्नेही गणेशोत्सवातील भाषणात १७५८ च्या अटकेच्या स्वारीविषयी "आपण" म्हणतात. "आपण अटकेपर्यंत गेलो" हे वाक्य खरे मानायचे, तर "आपण जयपूरच्या राजाला विष घ्यावयास लावले" हे वाक्य कोणत्या नियमाने खोडायचे? आमच्या कचेरीत जमेची बाजू तेवढी ठेवून थकबाकीचे पान फाडणाऱ्याची चौकशी होते.

येथे एक अडचण आहे, आणि ती लहान नाही. एकाच्या कृत्याचा जाब त्याच्या जातभाईंना विचारता येतो असे म्हटले, की त्या जानेवारीतला जमावही न्याय्य ठरतो. शहर पाहावयास आलेल्यांनी खंडणी मागितली नव्हती. जमावाने होळकरांचा हिशोब त्यांच्या गळ्यावर चुकता केला. आम्हांस वाटते, दुसऱ्याने बळाने वसूल केलेली थकबाकी आणि आपण होऊन आपल्या नावावर लिहिलेली थकबाकी या एक नव्हेत. पहिली कोणालाही लावू नये. दुसरी मात्र, ज्याला अटकेचा अभिमान हवा आहे, त्याने टाळू नये. अभिमानही नको म्हणणारा मोकळा आहे. असा मराठी माणूस आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

पाहुण्यांना आम्ही गैतोरच्या राजछत्र्या आवर्जून दाखवितो. ईश्वरीसिंहांची छत्री तेथे नाही. ती राजवाड्यामागच्या बागेच्या बाजूला एकटीच आहे. तेथे जावयाचे तर न्याहारी थोडी लवकर आटोपावी लागेल.