विहीर माझी, पाणी कुणाचे?

मालकी हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे नाते तपासावयाचे असेल, तर जाडजूड ग्रंथ उघडण्यापूर्वी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एखाद्या वाडीत क्षणभर उभे राहावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नालासोपारा-विरारकडे इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या आणि त्यांची तहान भागविण्यासाठी आपल्या बागायती गावांतील विहिरींवर टँकर येऊ लागले. काहींनी पाणी विकले, शेजाऱ्यांनी विरोध केला, आणि एकाच धर्मग्रामातील माणसे परस्परांसमोर उभी ठाकली. विकणाऱ्याचे म्हणणे साधे होते : जमीन माझी, विहीर माझी, पंप माझा, मला अडविणारे तुम्ही कोण?

हा प्रश्न लोभाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. केळीच्या लोंगराला दलाल देईल तो भाव आणि मुलांच्या शिक्षणाचा वाढता खर्च यांत सापडलेल्या शेतकऱ्याला टँकरचे पैसे रोख मिळत. शिवाय पाणी विकत घेणारा भाडोत्रीही तहानलेलाच होता. तो काही आपला शत्रू नव्हे. कायदाही मालकाच्याच बाजूला होता. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने आपल्या जमिनीखालील पाणी काढण्याचा अधिकार जमीनमालकास दिला आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क नैसर्गिक मानला, तो समाजवाद्यांचे मत खोडून काढताना. ते योग्यच होते. ज्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नाही, त्याला सावकार, कारखानदार किंवा सरकार यांपैकी कुणापुढे तरी मान तुकवावीच लागते.

परंतु त्याच परिपत्रकाने संत थॉमस अक्विनास यांचा आधार घेऊन मालकी आणि उपभोग यांत भेद केला : वस्तू माझी असू शकते, मात्र तिचा वापर मी इतरांच्या गरजेकडे पाठ फिरवून करू शकत नाही. स्वातंत्र्यवाद्यांचा आद्यगुरू जॉन लॉक यानेही निसर्गातून घेणाऱ्याला अट घातली होती, की इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. त्याचे नाव घेणारे ही अट सोयीस्करपणे विसरतात.

किनाऱ्यावर ही अट नुसती नैतिक राहत नाही. तेथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकते. वरची पातळी फूटभर घटली, की खालून तितक्याच प्रमाणात खारे पाणी चढू लागते. म्हणजे रात्रंदिवस पंप चालविणारा केवळ आपले पाणी विकत नाही, शेजाऱ्याचेही विकतो, आणि शेजाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नाही. बाजाराच्या हिशेबात हा तोटा कुठेच लिहिला जात नाही.

मग सर्व अधिकार सरकारच्या हाती द्यावेत काय? येथेही सावध राहावे लागते. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली बजावले होते, की लहान समूहाला जे करता येते ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये. दूरच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला आळीतील बावखल केव्हा आटते हे ठाऊक नसते. परवाना कुणाच्या ओळखीने मिळतो, हे मात्र आळीला ठाऊक असते!

तिसरी वाट कल्पनेतली नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या किनारी भागात उपशामुळे भूजलात समुद्र शिरू लागला, तेव्हा पाणी उपसणाऱ्यांनीच संघटना स्थापून, वाटाघाटी करून, न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाने आपापल्या उपशावर मर्यादा घालून घेतल्या. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ साली प्रबंध लिहिला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वतः मान्य केलेली मर्यादा ही गुलामी नसते, हे त्यांनी कागदोपत्री दाखविले.

त्याच २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. आपल्या गावांचा तिच्यात समावेश होण्याला जो विरोध झाला, त्यामागे ग्रामसभा गमावण्याची भीतीही होती. विहिरींच्या मालकांनी एकत्र बसावयाचे कुठे, हा प्रश्न तेव्हापासून अधिकच अवघड झाला आहे. तरीही एका आळीतील मालकांनी दर उन्हाळ्यात आपापल्या विहिरीची पातळी मोजून एकाच वहीत नोंदवायची ठरविली, तर त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.